वरचं दूध: बोट्स्वानातला २००६चा पावसाळा

बोट्स्वानाच्या चलनाचं नाव 'पुला'. सेत्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. देशाच्या राजमुद्रेवरही हाच एक शब्द आहे, आणि सभेत भाषण संपलं की लोक 'पुला!' असा घोष करतात. कलहारीच्या वाळूत वसलेल्या या देशात पावसाहून मोठा आशीर्वाद नाही. तिथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो. २००६च्या सुरुवातीला तो असा बरसला की ओढे-नाले फुगले, शौचालयांचे खड्डे भरून वाहिले आणि घरांभोवती पाणी साचून राहिलं.

मग मुलांना जुलाब सुरू झाले. पावसाळ्यात जुलाब वाढतात, हे तिथल्या नर्सनाही ठाऊक होतं आणि आपल्याकडच्या कुठल्याही आशाताईला ठाऊक असतं. पण त्या जानेवारी ते मार्चमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये जुलाबाच्या रुग्णांची नोंद तिपटीने वाढली आणि मृत्यूंची नोंद पंचवीसपटीने. रुग्ण तिप्पट झाले तर मृत्यूही तिपटीच्या आसपास असायला हवेत. या दोन आकड्यांमधल्या अंतरात हे सगळं प्रकरण आहे. साथ ओसरेपर्यंत पाचशेहून अधिक मुलं गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा अठरा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या नागपूर शहराहून कमी होती.

दगावलेल्यांपैकी बहुतेक बाळांना एचआयव्ही नव्हता. ज्या रोगापासून त्यांना जपायला देशाने सगळी ताकद लावली होती, त्या रोगापासून ती बाळं वाचली होती.

दुधाचा डबा घरात कसा आला

बोट्स्वाना म्हटलं की गरीब, गलथान आफ्रिकी देशाचं चित्र डोळ्यांपुढे आणणाऱ्यांनी ते आधी बाजूला ठेवावं. १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा हा देश जगातल्या सर्वांत गरीब देशांत होता. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले, मग ज्वानेंगची खाण आली, आणि हिऱ्यांचा पैसा सरकारने शाळा, रस्ते, दवाखाने यांवर खर्च केला. ही खेड्यापाड्यांपर्यंत दवाखाने आणि नळाचं पाणी नेणारी राजवट होती. तिथल्या खाणींतले कच्चे हिरे सुरतेत पैलू पाडायला येतात आणि मुंबईच्या हिरेबाजारात फिरतात. तेवढा एक धागा आपल्याशीही जोडलेला आहे.

अशा सुस्थितीतल्या देशावर एचआयव्ही कोसळला. शतक बदलताना तिथे दर तीन गरोदर स्त्रियांमागे जवळजवळ एकीला लागण झालेली होती. १९८०च्या दशकात साठीपार गेलेलं सरासरी आयुर्मान पन्नाशीकडे घसरलं. राष्ट्राध्यक्ष फेस्टस मोगाए आपला देश नामशेष होण्याच्या वाटेवर असल्याचं जगापुढे उघडपणे म्हणत होते. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी एचआयव्हीमुळे एड्स होतो की नाही यावरच वाद घालत होते, त्या काळात मोगाएंच्या सरकारने २००२ साली 'मासा' नावाचा मोफत औषधोपचाराचा कार्यक्रम सुरू केला. मासा म्हणजे नवी पहाट. आफ्रिकेत सरकारी पातळीवर असं पाऊल उचलणारा हा पहिला देश.

आईकडून बाळाला होणारी लागण रोखायचा कार्यक्रम त्याच्याही आधीचा, १९९९चा. गॅबोरोन आणि फ्रान्सिसटाउन या दोन शहरांत तो सुरू झाला आणि दोन-तीन वर्षांत देशभर गेला. काही उपाय केला नाही तर लागण असलेल्या आईच्या दर शंभर बाळांपैकी वीस ते पंचेचाळीस बाळांना एचआयव्ही होऊ शकतो, आणि त्यातला मोठा वाटा अंगावरच्या दुधाचा असतो. गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात आईला आणि जन्मानंतर बाळाला एझेडटी हे औषध दिलं की पोटातली आणि बाळंतपणातली लागण बरीच टळते. पण पुढे वर्षभर आई अंगावर पाजत राहिली तर टळलेली लागण दुधातून होऊ शकते. म्हणून सरकारने ठरवलं की लागण असलेल्या प्रत्येक आईला बाळाच्या पहिल्या वर्षभरासाठी दुधाच्या पावडरचे डबे मोफत द्यायचे.

हा निर्णय मूर्खपणाचा नव्हता, आणि आज मागे वळून बघताना तसं म्हणायचा मोह टाळायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हाचा सल्ला असा होता: पर्यायी दूध आईला मान्य असेल, देता येण्यासारखं असेल, परवडत असेल, अखंड मिळत असेल आणि सुरक्षित असेल, तर लागण असलेल्या आईने अंगावर पाजूच नये. बोट्स्वानाने या पाच अटी स्वतःला लावून बघितल्या. पैसा होता, दवाखाने होते, बहुतेक लोकसंख्येला नळाचं पाणी होतं. सरासरी काढली तर देश पाचही अटींत उत्तीर्ण होत होता.

पण सरासरी देशाची होती आणि डबा एकेका घरात जात होता. माझ्या मते चुकीची सुरुवात इथे झाली.

फ्रान्सिसटाउनचा वॉर्ड

साथीच्या ऐन भरात सरकारने अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राला, म्हणजे सीडीसीला, मदतीला बोलावलं. देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं रुग्णालय म्हणजे फ्रान्सिसटाउनचं न्यांगाब्ग्वे. तिथे जुलाबाने दाखल झालेल्या १५३ मुलांची तपासपथकाने एकेक करून माहिती काढली. केसपेपर वाचले, आयांशी बोलणं झालं, रक्त आणि शौच तपासलं.

१५३ पैकी ९७ टक्के मुलं दोन वर्षांच्या आतली होती, आणि त्यांतली ८८ टक्के अंगावर पीत नव्हती. मुलांपैकी १८ टक्क्यांना एचआयव्ही होता, आयांपैकी ६४ टक्क्यांना. ३८ मुलं तीव्र कुपोषणात गेली: काहींच्या अंगावर सूज चढली, काही सुकून काडी झाली. ३३ दगावली. त्या तेहतिसांत अंगावर पिणारं मूल एकच होतं.

आयांच्या आकड्यापाशी मी दर वेळी अडखळतो. ६४ टक्के आयांना लागण होती, म्हणजे उरलेल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त आयांच्या बाबतीत लागण नव्हती किंवा ठरलेली नव्हती. तरी त्यांतल्या कित्येकींची बाळंही वरच्या दुधावर होती. देशात सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी अंदाजे ३५ टक्के अंगावर पीत नव्हती. दवाखान्यातून नर्स डबा देते, गावातल्या कितीतरी जणींच्या कडेवरच्या बाळाच्या तोंडात बाटली दिसते, आणि अंगावर पाजण्याविषयी 'यातून आजार जातो' एवढंच कानावर पडत राहतं. मग लागण नसलेल्या आईच्या मनातही आपल्या दुधाबद्दल शंका शिरते. तिला कुणी डबा घे म्हणून सांगितलं नव्हतं. पण घेऊ नको, तुझं दूध चांगलं आहे, हेही पुरेशा ठामपणे कुणी सांगितलं नव्हतं.

शौचाच्या तपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी आणि ई. कोलायचा एक रोगकारक प्रकार वारंवार सापडले. कितीतरी मुलांच्या पोटात एकाच वेळी दोन-तीन जंतू होते. क्रिप्टोस्पोरिडियमचा स्वभाव इथे महत्त्वाचा आहे. त्याच्या कवचावर क्लोरीनचा फारसा परिणाम होत नाही. पाण्यात औषधाच्या गोळ्या टाकल्या की झालं, ही आपली नेहमीची समजूत त्याच्यापुढे टिकत नाही. पाणी खळखळ उकळावंच लागतं. शिवाय त्याचे जुलाब दोन-चार दिवसांत आटपत नाहीत, रेंगाळतात. रेंगाळणाऱ्या जुलाबात बाळ खाणंपिणं सोडतं, आतड्याचं अस्तर झिजतं, पोटात गेलेलं दूध पचत नाही, वजन उतरतं आणि उतरलेल्या वजनावर दुसरा जंतू येऊन बसतो. सूज चढलेल्या मुलाला नेहमीच्या वेगाने सलाईन लावलं तर हृदय थकून मूल जाऊ शकतं. त्याला पाणी, क्षार आणि अन्न कणाकणाने द्यावं लागतं. खाटाखाटांवर दोन-दोन मुलं असताना असा वेळ कुठून काढायचा, हे साथीत काम केलेल्या कुणालाही विचारावं.

उत्तरेकडच्या ज्या भागांना झळ जास्त बसली, तिथल्या गावांतलं सार्वजनिक नळांचं पाणी तपासलं तेव्हा ते दूषित निघालं. एका गावात तर वरच्या दुधावरच्या बाळांपैकी जवळजवळ तीस टक्के दगावली होती. अंगावर पिणारं एकही बाळ त्या गावात गेलं नव्हतं. पाऊस तोच होता, नळ तोच होता.

डब्यामागच्या गोष्टी

डबा म्हणजे काय, ते आईच्या बाजूने बघू.

एका बाळाला पहिल्या सहा महिन्यांत सुमारे वीस किलो पावडर लागते, म्हणजे अर्ध्या किलोचे चाळीस डबे. ते एकदम मिळत नाहीत, महिन्याच्या महिन्याला दवाखान्यातून आणावे लागतात. दवाखान्यात साठा नसेल तर रिकाम्या हाती परत. पूर आला, रस्ता तुटला, तर गाडीच येत नाही. डबा संपत आला की आई काय करते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ती एक मापटं कमी घालते. दूध पातळ होतं, बाळाचं पोट भरल्यासारखं दिसतं आणि आतून ते उपाशी राहतं. फ्रान्सिसटाउनच्या तपासात दगावलेल्या कितीतरी बाळांना ठरलेल्यापेक्षा कमी डबे मिळाल्याचं आढळलं. म्हणजे जुलाब लागायच्या आधीच उपासमार सुरू झाली होती.

दिवसाला सहा-आठ वेळा दूध. दर वेळी पाणी उकळायचं, गार करायचं, बाटली-बूच किंवा वाटी-चमचा उकळून घ्यायचा, हात साबणाने धुवायचे, उरलेलं दूध फेकून द्यायचं. रात्री दोनला उठलं तरी हेच. नळ अंगणात असेलच असं नाही, तो कोपऱ्यावरचा सार्वजनिक नळ असतो आणि पाणी भांड्यात साठवावं लागतं. जळण पावसाने ओलं. चौकशीत हेच पुढे आलं: साठवलेलं पाणी, घराजवळ साचलेलं डबकं, न धुतलेले हात आणि या सगळ्यांच्या वर, अंगावरचं दूध नसणं.

अंगावरचं दूध म्हणजे नुसतं अन्न नव्हे. आईच्या आतड्याने ज्या जंतूंशी गाठ घातलेली असते, त्यांच्याविरुद्धचे प्रतिकारक घटक तिच्या दुधातून बाळाच्या आतड्यात रोज उतरत असतात. आईने त्या गावचं पाणी पिऊन कमावलेलं संरक्षण त्याच गावात वाढणाऱ्या बाळाला मिळतं. डब्यातल्या पावडरीला ते गाव माहीतच नसतं.

आणि शेवटची गोष्ट, जिचा आधी कुणी फारसा विचार केलेला दिसत नाही. अंगावर पाजणं थांबवलं की काही दिवसांत दूध आटतं. निर्णय बाळंतपणाच्या खोलीत झालेला असतो. तेव्हा ऊन असतं, नळ स्वच्छ असतो, डबे मांडणीवर असतात. परीक्षा मात्र चार महिन्यांनी, पावसात होते. तोवर परत फिरायची वाट बंद झालेली असते. डबा संपला, पाणी गढूळ झालं, तरी त्या आईकडे बाळाला द्यायला अंगावर काहीच उरलेलं नसतं.

यात आणखी एक जागा होती जिथे हे लक्षात येऊ शकलं असतं: दवाखान्यातला वजनकाटा. बोट्स्वानात पाच वर्षांखालच्या मुलांचं वजन दवाखान्यात नियमित होतं आणि तक्त्यावर नोंदही होते. दगावलेल्या काही मुलांचं वजन साथीच्या आधीपासूनच वाढत नव्हतं. टिंब तक्त्यावर पडत होतं, रेघ आडवी होत होती आणि पुढे काही घडत नव्हतं. अंगणवाडीतले आपले तक्ते ज्यांनी भरलेले किंवा पाहिलेले आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

काय मोजलं जात होतं

कार्यक्रमाचं यश मोजलं जात होतं ते असं: लागण असलेल्या आयांच्या शंभर बाळांपैकी किती बाळांना एचआयव्ही झाला? त्या मापाने कार्यक्रम उत्तम चालला होता. बाळ जिवंत आहे का, हा प्रश्न त्या मापात नव्हता.

तो प्रश्न विचारणारा अभ्यास बोट्स्वानातच झाला होता. नाव 'माशी', सेत्स्वानात त्याचा अर्थ दूध. गॅबोरोन, लोबात्से, मोलेपोलोले आणि मोचुडी या दक्षिणेकडच्या चार ठिकाणी १२०० स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं. एका गटाने सहा महिने अंगावर पाजायचं आणि बाळाला तेवढे दिवस एझेडटी द्यायचं. दुसऱ्या गटाने पहिल्यापासून डब्याचं दूध द्यायचं. सात महिन्यांनी अंगावरच्या गटात ९ टक्के बाळांना लागण झालेली होती, डब्याच्या गटात ५.६ टक्के. इथे थांबलं तर डबा जिंकतो. पण त्याच सात महिन्यांत अंगावरच्या गटातली ४.९ टक्के बाळं गेली होती आणि डब्याच्या गटातली ९.३ टक्के. दीड वर्षाच्या टप्प्यावर 'लागण झालेली किंवा गेलेली' असा एकत्र हिशेब केला, तेव्हा दोन्ही गट जवळजवळ सारखे निघाले. डब्याने एचआयव्हीचं मरण जुलाब-न्यूमोनियाच्या मरणाशी बदलून दिलं होतं, आणि तेही पुरवठा सुरळीत असलेल्या, डॉक्टरांचं सतत लक्ष असलेल्या अभ्यासात. हे निष्कर्ष ऑगस्ट २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर उत्तरेकडचा पाऊस येऊन गेला होता.

पुण्यातही हा प्रश्न विचारला गेला होता, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एचआयव्ही असलेल्या आयांच्या बाळांचा मागोवा घेतला आणि २००३ मध्ये लिहिलं, की वरच्या दुधावरच्या बाळांना पहिल्या काही महिन्यांतच रुग्णालयात दाखल करायची वेळ अंगावरच्या बाळांपेक्षा कितीतरी जास्त येते. पुढे इथिओपिया आणि युगांडाबरोबर पुणेही एका मोठ्या चाचणीत सहभागी झालं. आई पाजत असताना बाळाला सहा आठवडे रोज नेव्हिरापिन हे एचआयव्हीवरचं औषध दिलं तर लागण टळते का, हे त्यात तपासलं. दूध बंद करण्याऐवजी दूध सुरक्षित करण्याचा विचार त्या काळात असा ठिकठिकाणी आकार घेत होता.

२००६ नंतर

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञांची बैठक घेऊन सल्ला फिरवला. पूर्वी 'पाच अटी पूर्ण होत असतील तर अंगावर पाजू नका' असा जोर होता. आता सांगितलं गेलं की पाच अटी त्या आईच्या घरात पूर्ण होत नसतील तर पहिले सहा महिने निव्वळ अंगावर पाजा. 'निव्वळ' हा शब्द महत्त्वाचा. अंगावरच्या दुधाच्या जोडीला पेज, गाईचं दूध असं मिसळून दिलेल्या बाळांत लागण जास्त होते, हे डरबनच्या अभ्यासांनी दाखवलं होतं.

बोट्स्वानाने डबे एका रात्रीत बंद केले नाहीत. ते शक्यही नव्हतं, कारण हजारो बाळं आधीच त्यांवर जगत होती. खरा मार्ग मिळाला तो 'म्मा बाना' या पुढच्या अभ्यासातून. गरोदरपणापासून पाजणं संपेपर्यंत आईलाच तीन औषधं दिली. सहा महिन्यांच्या टप्प्यावर लागण झालेली बाळं १.१ टक्के निघाली, आणि ही बाळं अंगावर पीत होती. २०१० मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि अंगावरचं दूध की डबा ही कोंडी सुटली. २०१२ मध्ये बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसची लसही बाळांच्या लसीकरणात आली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बोट्स्वानाला आईकडून बाळाला होणारी लागण आटोक्यात आणल्याबद्दल रौप्य दर्जा दिला. इतका एचआयव्ही असलेल्या देशाला तो प्रथमच मिळत होता. त्याच वर्षीच्या पाहणीत प्रौढांपैकी २०.८ टक्के लोकांना एचआयव्ही असल्याचं दिसलं. त्यांपैकी ९५ टक्के लोकांना आपली लागण माहीत होती. माहीत असलेल्यांपैकी ९८ टक्के औषधावर होते, आणि औषधावरच्यांपैकी ९८ टक्के लोकांच्या रक्तातला विषाणू दबलेला होता. श्रीमंत देशांनाही हेवा वाटावा असे हे आकडे आहेत, आणि ते त्याच आरोग्यव्यवस्थेने मिळवले आहेत जिने २००६चा पावसाळा पाहिला.

पण ही सगळी इमारत आता आईच्या रोजच्या गोळीवर उभी आहे. तिचं दूध सुरक्षित आहे ते गोळी वेळेवर मिळते म्हणून. आणि गोळीही डब्यासारखीच गोदामातून निघते, गाडीने येते, सरकारी पैशाने विकत घेतली जाते. तो पैसा हिऱ्यांचा. गेल्या काही वर्षांत नैसर्गिक हिऱ्यांची मागणी घसरली, प्रयोगशाळेत बनवलेले हिरे स्वस्त झाले, अमेरिकेची आरोग्य-मदत आटली. २५ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डुमा बोको यांनी औषधांच्या तुटवड्यामुळे देशात सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. रक्तदाब, मधुमेह, कर्करोग, क्षयरोग, दमा यांवरच्या औषधांचा खडखडाट होता. तातडीच्या खरेदीसाठी २५ कोटी पुला मंजूर झाले आणि वाटपावर लष्कराची देखरेख ठेवण्यात आली.

ही घोषणा ऑगस्टची. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत तिथे पावसाळा सुरू होतो.